स्कॉलरशिपचे कागद चवथीआधीच जमवा

बारावीचा निकाल लागला, कॉलेजात ॲडमिशन झाली, की घरात सगळे म्हणतात स्कॉलरशिपचं आता बघू सावकाश, आणि इथेच घोळ होतो. स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलवर दिसते ती तारीख फॉर्म सबमिट करायची, त्याच्याआधी दाखले काढायचे असतात, बँकेचं काम असतं, आणि मध्ये आमच्या गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी येते, मग आठवडाभर कुठल्या ऑफिसात कोण भेटणार?

पहिला नंबर उत्पन्नाच्या दाखल्याचा. तो मामलेदार ऑफिसातून मिळतो, गोवा ऑनलाईन या सरकारी वेबसाईटवरूनही अर्ज करता येतो. तलाठ्याचा रिपोर्ट लागला तर त्यात दिवस जातात, म्हणून निकालाची वाट न बघता परीक्षा संपली की अर्ज टाका. मर्यादा आधी बघून घ्या: बारावीत 80 पर्सेंटाईलच्या वर (80 टक्के मार्क नव्हे, वरच्या वीस टक्के मुलांत) असलेल्यांना केंद्राची जी स्कॉलरशिप मिळते (डिग्रीला वर्षाला 12,000) तिला घरचं उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत चालतं, ओबीसी पोस्ट मॅट्रिकला (दहावीनंतरच्या शिक्षणाची स्कॉलरशिप) 2.5 लाखच.

मग नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ओटीआर (वन टाइम रजिस्ट्रेशन) काढायचा, 14 आकडी नंबर असतो, एकदाच काढायचा, पुढच्या वर्षीही तोच चालतो, तर वहीत लिहून ठेवा. इथे आधारवरचं नाव येतं आणि आमच्याकडे खरी अडचण इथेच. जन्मदाखल्यावर नाईकचं स्पेलिंग शेवटी क्यू-यू-ई, मार्कशीटवर साधा के, आधारवर बापाचं नावच मध्ये नाही. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. फरक दिसला तर आधार दुरुस्ती आधी, फॉर्म नंतर.

बँकेचं तर माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही चांगलंच भोगलंय. तिचा फॉर्म मंजूर झाला, स्टेटसमध्ये पैसे पाठवले असं दिसतंय, पण पासबुकात काहीच नाही. दोनतीन खेपा घातल्यावर कळलं की पाचवीत असताना शाळेतून उघडलेलं झिरो बॅलन्स खातं अजून आधारला जोडलेलं होतं आणि ते कधीच बंद पडलेलं. पैसे आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यातच जातात, फॉर्ममध्ये तुम्ही दुसरा नंबर लिहिला तरी. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, दोन मिनिटांचं काम, मोबाईलवर ओटीपी येतो, आजच बघा. चुकीची बँक दिसली तर आपल्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि पावती घ्या.

सबमिट केलं म्हणजे झालं असं नाही हां. कॉलेजातल्या नोडल ऑफिसरने (स्कॉलरशिपचे फॉर्म तपासणारा माणूस) व्हेरिफाय केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि त्याची तारीख वेगळी असते. प्रिंट, फी रिसीट, बोनाफाईड, दाखल्याची झेरॉक्स घेऊन स्वतः ऑफिसात जा, कोणाच्या हाती पाठवू नका. दर आठवड्याला स्टेटस बघायचं, डिफेक्टिव्ह लिहून आलं तर घाबरू नका, कारण लिहिलेलं असतं, तेवढं दुरुस्त करून मुदतीत परत पाठवायचं. रिन्युअल दरवर्षी, ते आपोआप होत नाही.

आणि उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर गेलं म्हणून पोरीचं शिक्षण थांबवू नका, गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, फेडावं लागतं पण व्याज नाही. त्यालाही जवळजवळ हेच कागद लागतात, तेव्हा फाईल जपून ठेवा.