मालधक्क्यावर डब्याला बिलाचा कोड लावताना

जालन्याच्या मालधक्क्यावर नवीन पोरगं बुकिंगला आलं की आधी खुर्ची आणि कॉम्प्युटर शोधतं. मी त्याच्या हातात पॅड आणि पेन देतो आणि रेकच्या, म्हणजे जोडून उभ्या असलेल्या मालडब्यांच्या, कडेनं चालायला लावतो. बीसीएनएचएल या बंद डब्यांचा पूर्ण रेक म्हणजे ५८ डबे, सहाशे मीटरच्या वर लांबी. मे महिन्यात पत्रा असा तापलेला असतो की जवळून जाताना तोंड भाजतं. तरी जायचं. कारण बिल चुकतं ते बहुतेक वेळा हिशेबात नाही, डबा ओळखण्यात.

डब्याच्या अंगावर ११ आकडी नंबर रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार सांगतात: १० ते २९ उघडे, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाक्या, ७० ते ७९ हॉपर, म्हणजे खालून माल सोडणारे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणणारी जलदूत गाडी होती ना, ते टाकीचे डबे. पुढचे दोन आकडे मालकाचे. ०१ म्हणजे मध्य रेल्वे, ०९ म्हणजे आपली दक्षिण मध्य. आपण नांदेड विभागातले असलो तरी डबे देशभरचे येतात, तेव्हा ०९ दिसला नाही म्हणून बिचकू नका. पण खासगी मालकीचा डबा असला तर थांबा, त्याचा दर आणि सवलत वेगळी असू शकते. त्यापुढचे दोन आकडे बनावटीच्या सालाचे, मग चार आकडे त्या डब्याचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा एक पडताळणीचा.

हा शेवटचा आकडा कागदावर काढून बघायची सवय लावा. समजा डब्यावर ३१ ०९ १४ २०५७ ६ लिहिलंय. सम जागांवरचे आकडे घ्या: १, ९, ४, ०, ७. बेरीज २१, तिची तिप्पट ६३. विषम जागांवरचे ३, ०, १, २, ५ यांची बेरीज ११. दोन्ही मिळून ७४. पुढचा पूर्ण दशक ८०, तिथं पोचायला ६ लागतात. शेवटी ६ आहे, म्हणजे नंबर जुळला. घाईत २०५७ चं २०७५ लिहिलं असतं तर बेरीज ७० आली असती आणि शेवटी ० हवा होता. चूक तिथंच सापडली.

पण या पडताळणीवर आंधळा भरवसा ठेवू नका. २०५७ च्या जागी २५०७ लिहून बघा. सम जागांचे २६, तिप्पट ७८, विषमचे ६, एकूण ८४, म्हणजे शेवटचा आकडा परत ६! शेजारशेजारच्या ज्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असतो, ते उलटे पडले तर हिशेब बरोबरच येतो. ० आणि ५, २ आणि ७, ४ आणि ९ अशा जोड्या दिसल्या की मी पेनानं खाली रेघ मारतो आणि परतीच्या फेरीत तेवढेच डबे पुन्हा बघतो.

स्टेशनचा कोड सोपा. आपला जालना म्हणजे नुसता 'जे', परभणी 'पीबीएन', नांदेड 'एनईडी'. गोंधळ होतो तो लातूरचा. व्यापारी तोंडानं "लातूर" म्हणतो, पण लातूर 'एलयूआर' आणि लातूर रोड 'एलटीआरआर' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, झोनसुद्धा वेगळे. अंतर बदललं की भाडं बदलतं. माल कुठं उतरवणार हे विचारून घ्या, फॉरवर्डिंग नोटवर, म्हणजे माल पाठवणारा भरून देतो त्या अर्जावर, तेच स्टेशन लिहिलंय ना ते बघा.

खरी कसोटी मालाच्या कोडाची. बाजारातलं नाव आणि रेल्वेच्या दरपत्रकातलं नाव एक नसतं. एखादे शेठजी येतात आणि म्हणतात, "साहेब, सरकी भरायचीय." थप्पीजवळ गेलं तर पोत्यात ढेप. सरकी हे तेलबी, ढेप ही पेंड, दोन्हीचे कोड वेगळे. सोयाबीन आणि सोयापेंडीचंही तेच. म्हणून मी मुकादमाला सांगतो, "मामा, एक पोतं उघडं ठेवा." त्यात काय आहे ते डोळ्यानं बघितल्याशिवाय कोड टाकत नाही.

कोडाला वर्ग चिकटलेला असतो आणि वर्गावर दर. वर्ग १०० हा पाया धरला तर १५० म्हणजे त्याच्या दीडपट. वर्ग आपल्या अंदाजानं कधीच टाकायचा नाही. गेल्या हंगामातला लक्षात आहे म्हणूनही नाही, चालू परिपत्रक काढून बघायचं. जीएसटीही इथूनच ठरतो. धान्य, डाळी, पीठ, मीठ, सेंद्रिय खत यांच्या रेल्वे वाहतुकीला माफी आहे. युरिया, साखर, सिमेंटला नाही. नोटवर नुसतं "खत" लिहून आलं तर परत पाठवा, कुठलं खत ते लिहायला सांगा. आणि कोणी गोड बोलून महागड्या मालाला स्वस्त नाव द्यायला लागलं, तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६३ त्याला दाखवा. खोटं वर्णन दिल्याची शिक्षा तिथं आहे. माझ्या अनुभवात कलमाचा आकडा ऐकला की आवाज खाली येतो.

आता डबे पावत्यांना जोडायचे. एका रेकमध्ये तीन-चार पार्ट्यांचा माल असला तर प्रत्येक डबा कुठल्या रेल्वे पावतीत जातो ते आधी कागदावर आखा. एक ते अठरा या पार्टीचे, एकोणीस ते तीस त्या पार्टीचे, अशी तोंडी वाटणी ऐकून भरू नका. मुकादम इंजिनाकडून मोजतो, पार्टीचा माणूस गार्डाच्या डब्याकडून, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात! वाटणी डब्याच्या नंबरानंच करायची. नाहीतर पलीकडच्या स्टेशनात एकाची पोती दुसऱ्याच्या ट्रकमध्ये चढतात.

वजनाच्या रकान्यात पोती गुणिले किलो एवढ्यावर थांबू नका. डब्याचा प्रकार आणि माल यांवरून आकारणीचं वजन ठरतं, माल त्याहून कमी भरला तरी भाडं सहसा तेवढंच. जास्त भरला तर कलम ७३ चा दंड. पोती रेल्वेच्या माणसानं मोजली नसतील तर पावतीवर 'सेड टू कंटेन'चा, म्हणजे आकडा पार्टीच्या सांगण्यावरून घेतलाय असा, शेरा टाकायला विसरू नका. भाडं आधी की पोचल्यावर, जोखीम कोणाची, हे नोटवर असतंच, बघून उतरवा.

पावती छापण्याआधी गाडी तपासणाऱ्यांना एकदा विचारा, कुठला डबा सिक, म्हणजे नादुरुस्त, ठरवलाय का. भरलेला डबा ऐनवेळी कापला गेला तर त्याचा नंबर यादीतून नुसता पुसायचा नाही. तो कुठं उभा आहे आणि कुठल्या पावतीतला आहे याची नोंद ठेवायची, म्हणजे दुरुस्त होऊन मागाहून निघाला की त्याच पावतीवर पोचतो.