ज्वारी-नाचणीची तिखटमिठाची बिस्किटं: ओव्हन लावण्याआधी

बिस्किटं रविवारी भाजायची असतील तर तयारी शुक्रवारपासून धरा, कारण पहिलं काम गिरणीत आहे. अर्धा किलो ज्वारी आणि पाव किलो नाचणी निवडून बारीक दळून आणा. घरात महिन्याभराचं पीठ असेल तर ते थालीपिठाला वापरा. ज्वारीत पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतंच, त्यातून जुन्या पिठाची विरी गेलेली असते. मग लाटताना कडा फाटतात आणि भाजलेलं बिस्किट उचलतानाच तुटतं.

पीठ चाळायचंच असेल तर मोठ्या भोकांच्या चाळणीने, आणि वर राहिलेला कोंडा निवडून परत पिठात घाला. हा सगळा खटाटोप त्या कोंड्यासाठीच तर आहे! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतू (फायबर) जेमतेम पावणेतीन ग्रॅम, ज्वारीत १० च्या वर, नाचणीत आणि कणकेत ११ च्या वर, तर जवसात २६. बाजारातल्या ‘मल्टिग्रेन’ बिस्किटांचा पुडा उलटून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा पहिला असेल तर बाकीची धान्यं नावापुरतीच.

शनिवारी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि गार झाल्यावर मिक्सरमधून भरड काढा. अख्खा जवस बराचसा न पचताच बाहेर पडतो, त्यामुळे हे टाळू नका. भरड फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ती लवकर खवट होते. तीळ, ओवा, तिखट, हळद, मीठ हाताशी आहेत ना, तेवढं पाहा.

कागदाकडे मात्र नीट लक्ष द्या. बटर पेपर म्हणून मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनमध्ये चालत नाही. मेणाचा असेल तर धूर करतो. पाकिटावर बेकिंग किंवा पार्चमेंट लिहिलेलाच घ्या. मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर तो कन्व्हेक्शनचा हवा. शिवाय वीज जाण्याची वेळ टाळून बसा, अर्धवट भाजलेली बिस्किटं नंतर धड कुरकुरीत होत नाहीत.

रविवारी मोजून घ्या: ज्वारी १२० ग्रॅम, नाचणी ६०, कणीक ३०, जवसाची भरड २०, तेल दोन मोठे चमचे. यात मिळून सुमारे २८ ग्रॅम तंतू येतात, म्हणजे चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० लागतात, तेव्हा चहाबरोबरच्या खाण्यातून एवढे मिळणं मला फार मोलाचं वाटतं. निम्म्या ज्वारीच्या पिठावर उकळतं पाणी ओतून उलथन्याने ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. या उकडीने आणि जवसाच्या चिकटपणाने पीठ एकजीव होतं. मग उरलेलं सगळं घालून घट्ट मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

तेवढ्यात ओव्हन १७० अंशांवर, वरखाली दोन्ही कॉइल लावून, दहा मिनिटं तापू द्या. गोळा दोन कागदांमध्ये ठेवून लाटा. जाडी सगळीकडे सारखी हवी, दोन मिलिमीटरच्या आसपास. मध्ये जाड राहिलं तर कडा करपतात आणि मधला भाग मऊच राहतो. वरचा कागद काढून शंकरपाळ्यांच्या कातणाने चौकोन पाडा, काट्याने टोचे मारा आणि खालच्या कागदासकट ट्रेमध्ये सरकवा. मधल्या खणात अठरा ते बावीस मिनिटं लागतात. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. नाचणीमुळे रंग मुळातच काळसर असतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. कडेचं एक बिस्किट काढून दोन मिनिटं गार करा आणि मोडून बघा. कडकन मोडलं की झालं.

जाळीवर पूर्ण गार करून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात सादळलीच तर १५० अंशांवर पाच मिनिटं पुन्हा ठेवा. घरात कुणाला तंतूंची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात दोन-तीनच द्या, आणि सोबत पाणी भरपूर प्यायला सांगा, नाहीतर पोट जड होतं.