एका साच्यातल्या अनेक नावांच्या अमेरिकन गाड्या : जुनी गाडी घेताना जुळे भावंड कसे ओळखावे

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाची पहिली गाडी बहुधा जुनी आणि लहान असते, आणि ती शोधताना एक गोष्ट जाणून घेतली तर चांगले पैसे वाचू शकतात : तिथल्या कंपन्यांनी एकच गाडी दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी विकलेली आहे. हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड अशाच जोडीने बाहेर पडत असत. जुन्या बाजारात किंमत बरीचशी नावावर ठरते, पण देखभालीचा खर्च नावाखाली दडलेल्या यंत्रावर ठरतो. या दोहोंतल्या फरकाचा फायदा घ्यायचा असेल, तर समोरची गाडी मुळात कोणाची आहे हे आधी ठरवावे.

त्यासाठी पुढची जाळी आणि बोधचिन्ह पाहत बसू नये. जाळी, दिवे, बंपरची आवरणे आणि चाकांच्या टोप्या बदलणे कंपनीला स्वस्त पडते, तर छत, दारे आणि काचेची चौकट यांचे साचे फार महाग असतात. त्यामुळे खरे साम्य नेहमी या महागड्या भागांत सापडते. जनरल मोटर्सच्या शेवरोले कोबाल्ट आणि पाँटिॲक जी५ शेजारी उभ्या केल्या, तर पुढच्या काचेचा उतार, दाराची कड आणि आतला डॅशबोर्ड एकच असल्याचे लगेच कळते. हे निव्वळ बॅज इंजिनीअरिंग, म्हणजे एकाच गाडीवर वेगळे नाव आणि बोधचिन्ह लावणे. जनरल मोटर्सचीच सॅटर्न आयन मात्र त्याच डेल्टा प्लॅटफॉर्मवरची, म्हणजे त्याच मूळ सांगाड्यावर बांधलेली असूनही तिची दारे बाहेरून प्लॅस्टिकच्या पत्र्याची आहेत, म्हणजे ती जुळी बहीण नसून चुलत बहीण मानावी. फोर्डची टेम्पो आणि फोर्डच्याच मर्क्युरी या नावाखालची टोपाझ ही जोडी पहिल्या प्रकारातली. क्रायस्लरने तर १९९५ च्या निऑनला डॉज आणि प्लिमथ या दोन्ही नावांखाली विकताना गाडीचे नाव बदलण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

डोळ्यांनी केलेला अंदाज व्हीआयएनवर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर पडताळावा. चालकाच्या बाजूला पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरूनही वाचता येईल अशी एक पट्टी असते आणि १९८१ पासूनच्या गाड्यांवर तिच्यात १७ अक्षरे-आकडे असतात. पहिले चिन्ह देश सांगते : १, ४ किंवा ५ असल्यास गाडी अमेरिकेत, २ असल्यास कॅनडात, ३ असल्यास मेक्सिकोत आणि इंग्रजी जे (J) हे अक्षर असल्यास जपानमध्ये बनलेली असते. जनरल मोटर्सच्या अमेरिकेत बनलेल्या मोटारींत शेवरोलेचा क्रमांक १जी१ ने आणि पाँटिॲकचा १जी२ ने सुरू होतो. अमेरिकन कंपन्यांच्या गाड्यांत आठव्या जागी इंजिनाची खूण असते, दहाव्या जागी मॉडेलचे वर्ष (वाय म्हणजे २०००, त्यानंतर २००१ साठी १ पासून २००९ साठी ९ पर्यंत, आणि ए म्हणजे २०१०) आणि अकराव्या जागी कारखाना.

आता पाँटिॲक व्हाइबची पट्टी वाचून पाहा. तिथे १जी२ नसून ५वाय२ आढळेल, कारण ही गाडी जनरल मोटर्सच्या स्वतःच्या कारखान्यात बनलेलीच नाही. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४ मध्ये न्यूमी हा संयुक्त कारखाना सुरू केला; तेथून आधी शेवरोले नोव्हा, मग जिओ प्रिझम, १९९८ ते २००२ या काळात शेवरोले प्रिझम आणि त्यानंतर व्हाइब अशा गाड्या बाहेर पडल्या, आणि या सर्वांच्या अंगी टोयोटा कोरोलाचेच यंत्र होते. व्हाइबची जुळी टोयोटा मॅट्रिक्स कॅनडातील केंब्रिज येथे बनत असे. (२०१० मध्ये न्यूमी बंद झाल्यावर त्याच इमारतीत टेस्लाचा कारखाना आला.) खरेदीच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत लक्ष देण्याजोग्या गाड्या याच आहेत, कारण प्रिझम आणि व्हाइब या दोन्ही नावांचा व्यवहार कधीच आटोपला असल्यामुळे ग्राहक त्यांच्याकडे सहसा वळत नाही, आणि त्यामुळे त्या कोरोलापेक्षा कमी पैशांत मिळू शकतात.

मात्र गुण जसे सामाईक असतात तसे दोषही. १९९८ नंतरच्या प्रिझममध्ये आणि त्याच काळातल्या कोरोलात १.८ लिटरचे जे इंजिन आहे, त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पिस्टनवरची तेल परत जाण्याची छिद्रे अपुरी होती आणि मैल वाढत गेले की ते इंजिन ऑइल खाऊ लागते. म्हणून इंजिन थंड असताना डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) स्वतः ओढून पातळी पाहावी, ती पुसून पुन्हा एकदा पाहावी, आणि गाडी काही मिनिटे उभ्या जागी चालू ठेवून नंतर ॲक्सिलरेटर दाबला असता मागून निळसर धूर येतो का, याकडे लक्ष द्यावे. विक्रेत्याने शेवटचे ऑइल केव्हा बदलले यापेक्षा, मधल्या काळात किती वरून घातले, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

सुटे भाग घेताना सरसकट नियम लावू नये. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, फिल्टर आणि सेन्सर हे भाग जुळ्यांमध्ये बहुधा एकच असतात. टोयोटाचा भागक्रमांक पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत लिहिलेला असतो, त्यामुळे व्हाइबच्या बॉनेटखाली तसा क्रमांक दिसला तर टोयोटाच्या काउंटरवरही चौकशी करून दोन्हीकडचे भाव ताडून पाहावेत. याउलट हेडलाइट, बंपर, फेंडर आणि जाळी यांच्यासाठी त्याच नावाची गाडी शोधावी लागते, आणि बंद पडलेल्या नावाच्या गाडीला अपघात झाला तर खर्च तिथेच वाढतो. म्हणून पुढचे दोन्ही दिवे आणि बंपर शाबूत आहेत का, हे अशा गाडीत इतरांपेक्षा बारकाईने तपासावे.

शेवटचे काम रिकॉलचे, म्हणजे दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आहेत का हे पाहण्याचे. २०१४ च्या फेब्रुवारीत जनरल मोटर्सने सदोष इग्निशन स्विचसाठी आधी फक्त कोबाल्ट आणि जी५ परत बोलावल्या, आणि काही दिवसांतच सॅटर्न आयन, शेवरोले एचएचआर आणि आणखी काही गाड्या त्या यादीत घालाव्या लागल्या, कारण स्विच तोच होता. चालत्या गाडीत किल्ली आपोआप फिरून इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. त्यामुळे एखाद्या गाडीविषयी वाचताना तिच्या भावंडांची नावेही शोधावीत, आणि पैसे देण्यापूर्वी एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन घालून कोणती दुरुस्ती बाकी आहे ते पाहावे. पाँटिॲक आज अस्तित्वात नसली, तरी तिच्या रिकॉलची जबाबदारी जनरल मोटर्सकडेच आहे. व्हाइबचे रिकॉलचे काम असेल तर ती टोयोटाच्या नव्हे, तर शेवरोले किंवा ब्युइकच्या डीलरकडे न्यावी.