रायफलला बायपॉड कुठला घ्यावा? आधी गवत मोजा, मग दुकानात जा

टेक्ससमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा जनरल सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी चालू होतो आणि ऑक्टोबर लागला की मला ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात, दादा रायफल घेतली, स्कोप घेतला, आता बायपॉड कुठला घेऊ. मी उलट विचारतो, बाबा रे तू गोळी मारणार कुठून? पालथा पडून, जमिनीवर बसून, का नेमबाजीच्या रेंजवरच्या टेबलावरून? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, सगळे ब्रँडपासून सुरुवात करतात. बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाला लागणारे दोन पाय, बस्स, आणि पायांच्या बाबतीत पहिली गोष्ट बघायची ती उंची.

पुढे जायच्या आधी कायद्याचं बोलून घेतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे शिकारीबद्दल इथे जे लिहिलंय ते सगळं अमेरिकेतलं, त्यातही टेक्ससमधलं आहे. इथे शिकार करायची तर लायसन्स लागतं आणि २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, म्हणजे आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांनाच. ग्रीन कार्ड असेल तर रायफल बाळगायला व्हिसाची आडकाठी नाही, पण एच वन बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे, हंटिंग लायसन्स असेल तर त्यात सूट मिळते पण ते सगळं कागद बघून आणि जाणकाराला विचारूनच करा, मित्राने सांगितलं म्हणून नको. इमिग्रेशनची फाईल एका रायफलपायी धोक्यात घालू नका.

आता उंची. बाजारात जे बायपॉड मिळतात त्यांचे साधारण तीन गट पडतात. सहा ते नऊ इंच, नऊ ते तेरा इंच, आणि साडेतेरा ते सत्तावीस इंच. पहिला पालथं पडून मारायला आणि रेंजच्या टेबलावर. दुसराही पालथं पडूनच, पण जिथे गवत आहे किंवा जमीन उतरती आहे तिथे. तिसरा जमिनीवर बसून मारायला. बहुतेक लोक सहा-नऊवाला घेतात कारण फोटोत तोच दिसतो, आणि मग हिल कंट्रीत म्हणजे टेक्ससच्या डोंगराळ भागात जाऊन पालथे पडतात तर समोर गुडघाभर गवत, निवडुंगाची पानं, मेस्किटची झुडपं, स्कोपमधून नुसता हिरवा-पिवळा पडदा. हरीण ऐंशी यार्डांवर उभं आणि दिसत काहीच नाही. माझ्या पहिल्या सीझनला अगदी हेच झालं, मी घाईघाईने उठून गुडघ्यावर बसलो, आधार काही नाही, श्वास चढलेला, आणि तशीच गोळी मारली. ती मागे पोटात लागली. ते हरीण संध्याकाळी सापडलं, तीन तास रक्ताचे थेंब बघत फिरलो. ते तीन तास मी विसरलेलो नाही आणि बायपॉडबद्दल एवढं तळमळून लिहितो ते त्यामुळेच. रेंजवर नेम हुकला तर कागदाला भोक चुकीच्या जागी पडतं, इथे एक जीव तडफडतो.

उंची घरीच मोजता येते. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, सतरंजीवर पालथे पडा आणि फोरएंडखाली म्हणजे नळीखालच्या पुढच्या भागाखाली पुस्तकांची चळत लावून बघा, मान न ताणता गाल स्टॉकवर म्हणजे रायफलच्या दांड्यावर नीट टेकतोय आणि स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसतंय अशी उंची आली की टेपने मोजा. मग मांडी घालून बसून तेच करा, खाली खुर्ची, उशा, काय लागेल ते. दोन आकडे कागदावर लिहा. त्यानंतर जिथे शिकारीला जाणार तिथलं गवत बघून या, नाहीतर लीजच्या म्हणजे शिकारीला भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या मालकाला फोन करून विचारा. रायफलला खाली लांब मॅगझिन लोंबत असेल, जसं तीस गोळ्यांचं एआर-१५ ला असतं, तर ते जमिनीला टेकणार नाही एवढी उंची जास्तीची धरा. एकच बायपॉड घ्यायचाय आणि शिकार हाच उद्देश आहे तर माझं मत स्पष्ट आहे, बसून मारायचा लांब पायांचा घ्या. तो जड असतो, पाय पूर्ण ताणले की थोडा लवचतोही, पण खऱ्या रानात पालथं पडायला मोकळी जागा क्वचित मिळते. फक्त रेंजवर जाणार असाल तर मात्र सहा-नऊच, कारण पाय जितके आखूड तितकी रायफल स्थिर.

आणि हो, बॉक्स ब्लाइंडमध्ये म्हणजे त्या लाकडी मचाणासारख्या खोलीत बसून शिकार करणार असाल तर बायपॉडवर पैसे घालवूच नका. खिडकीच्या अरुंद फळीवर दोन पाय नीट बसत नाहीत, तिथे वाळूची एक पिशवी शंभरपट बरी.

उंचीनंतर बघायचं ते कलणं. जमीन कधीच सपाट नसते, एक पाय दगडावर आणि एक खड्ड्यात, रायफल एका अंगाला झुकते. पाय घट्ट आणि वरचा भाग दोन्ही बाजूंना थोडा झुकवता येईल असा बायपॉड असला की रायफल चटकन सरळ करता येते, नाहीतर पायांची लांबी कमीजास्त करत बसा. रायफल तिरकी असली तर होतं काय? लांबच्या अंतरासाठी नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते, ती वरची दिशाच बाजूला कलते आणि गोळी त्या बाजूला आणि थोडी खाली जाते. साध्या .३०८ कॅलिबरच्या रायफलीला पाच अंशांचं कलणं ३०० यार्डांवर दोनेक इंच बाजूला नेतं, हरणाला ते चालून जाईल, पण ६०० यार्डांवर तेच दहा-अकरा इंच होतं म्हणजे टार्गेटच्या मधल्या गोलातून बाहेर. शंभर यार्डांवर यातलं काही जाणवत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. डावी-उजवीकडे वळण्याची सोय, ज्याला पॅन म्हणतात, ती चालत्या जनावरावर नजर ठेवायला बरी पण नसली तरी अडत नाही. कलण्याची सोय मात्र हवीच, आणि ती घट्ट करायला एक स्क्रू किंवा खिट्टी हवी.

आता रायफलला लागणार कसा? तुमच्या रायफलच्या पुढच्या भागाखाली काय आहे ते उलटी करून बघा. शिकारीच्या साध्या रायफलीला पट्टा अडकवायचा छोटा स्टड असतो, हॅरिससारखे बायपॉड थेट त्यालाच लागतात. काहींना पिकॅटिनी रेल असते, खाचांची पट्टी, काहींना एम-लॉकच्या लांबट फटी, टार्गेटच्या रायफलींना आर्का रेल असते त्यावर बायपॉड मागेपुढे सरकवता येतो. यातलं जे असेल त्याचाच बायपॉड घ्या किंवा अडॅप्टरचा खर्च आधीच धरा. थेट नळीला चिमट्यासारखा लागणारा बायपॉड स्वस्तात मिळतो, तो अजिबात घेऊ नका, नळीवर दाब आला की गोळी लागायची जागा बदलते. याचाच भाऊबंद एक दोष प्लास्टिकच्या हलक्या स्टॉकमध्ये असतो, बायपॉडवर वजन टाकलं की फोरएंड वाकून नळीला टेकतो. तपासायचं सोपं आहे, बायपॉडवर रायफल ठेवून खांद्याने नेहमीसारखा दाब द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी नळी आणि स्टॉकच्या मधून कागद सरकवायला सांगा. कागद अडकला तर दोष बायपॉडचा नाही, स्टॉकचा आहे.

ब्रँडचं थोडक्यात सांगतो. केंटकीत बनणारा हॅरिस हा जुना आणि भरवशाचा, स्प्रिंगचे पाय खाटकन उघडतात, नावातल्या एस चा अर्थ कलतो आणि एम चा अर्थ पायांना खाचा आहेत, म्हणून एस-बीआरएम म्हणजे कलणारा, खाचावाला, सहा-नऊ इंची. त्याच्या कलण्याच्या जागी साधा नट येतो, तिथे वेगळी मिळणारी खिट्टी जरूर लावा. मॅगपुलचा वजनाला हलका, कलतो आणि वळतोही, किमतीला साधारण हॅरिसच्याच आसपास. ॲटलस महाग, अडीचशे डॉलरच्या पुढे, पण त्याचे पाय पुढे, सरळ, मागे अशा वेगवेगळ्या कोनांत अडकवता येतात आणि त्यात सैलपणा फार कमी. डोंगर चढून एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जाणाऱ्यांसाठी चुंबकाने अडकणारे कार्बनच्या पायांचे येतात, ते लागेल तेव्हाच खिशातून काढून लावायचे. वीस-तीस डॉलरची हॅरिसची नक्कल एकदा घेऊन बघितली, दुसऱ्याच रेंजच्या दिवशी पायाची खिट्टी निसटली, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

दुकानात हातात घेतलात की पाय उघडून काउंटरवर टेकवा आणि वरचा भाग मागेपुढे हलवा, खट्-खट् आवाज आला तर तो सैलपणा प्रत्येक गोळीला तुमच्या नेमात उतरणार. एका हाताने पाय उघडतात का, हातमोजे घालून बटण दाबता येतं का, उघडताना आवाज किती होतो हेही बघा, पहाटेच्या शांततेत स्प्रिंगचा तो खटका हरणाला लांबवर ऐकू जातो. स्प्रिंगवाल्याला एक हात धरून हळू उघडायची सवय लावली की हे टळतं.

रेंजवर लांब अंतराची नेमबाजी करायची असेल तर एफ-क्लास या स्पर्धेच्या प्रकाराची माहिती काढा. कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वारसन यांच्या नावावरून तो एफ आलाय. त्यातल्या एफ-टीआर प्रकारात .२२३ किंवा .३०८ रायफल, पुढे बायपॉड, मागे पिशवी, आणि बायपॉडसकट सगळं वजन ८.२५ किलोच्या आत. तिथले बायपॉड वेगळेच दिसतात, खूप रुंद, बुटके, पायाखाली स्कीसारख्या पट्ट्या, म्हणजे धक्क्याने रायफल सरळ रेषेत मागे घसरते. शिकारीला त्याचा उपयोग शून्य. आणि आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, त्या खेळात बायपॉड चालतच नाही, सगळं कोपर, पट्टा आणि शरीराच्या ठेवणीवर. म्हणून घरात कुणी मूल ऑलिंपिकच्या नेमबाजीकडे वळत असेल तर त्याला बायपॉड देऊ नका, सवय बिघडेल.

घेतल्यावर वापरायची पद्धत. शरीर रायफलच्या सरळ रेषेत मागे, तिरकं नाही. बायपॉडचे पाय जमिनीत रोवून खांद्याने रायफल किंचित पुढे ढकला, बायपॉडच्या सांध्यांतला सगळा सैलपणा निघून जाईल एवढंच, याला लोडिंग म्हणतात, आणि प्रत्येक गोळीला तो दाब तेवढाच ठेवा. मागे स्टॉकखाली पिशवी लागतेच, ती नसेल तर बायपॉड अर्धाच उपयोगी, घरच्या जाड मोज्यात तांदूळ भरून गाठ मारली तरी झकास काम होतं, मुठीने दाबली की नेम वर-खाली होतो. मग डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. क्रॉसहेअर म्हणजे स्कोपमधली फुली, ते सरकलेलं असेल तर हाताने ओढून आणू नका, अख्खं शरीर हलवा. सिमेंटच्या टेबलावर रबरी पायही उड्या मारतात, खाली जुनं पायपुसणं किंवा कार्पेटचा तुकडा टाका. भुसभुशीत मातीत टोकदार खिळ्यांचे पाय बरे.

झिरो, म्हणजे स्कोपची खूण आणि गोळी लागायची जागा जुळवणं, बायपॉडवरच करा. वाळूच्या पिशवीवर झिरो केलेली रायफल बायपॉडवर थोडी वेगळी लागू शकते, आणि हे हरणासमोर कळून उपयोग नाही. शेवटी आणखी एक काम, मांडी घालून बसल्यावर तुम्हाला जी उंची लागते तिथे दोन्ही पायांवर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा, आणि निघायच्या आदल्या रात्री सगळे स्क्रू पान्याने एकदा आवळा. पहाटे टॉर्च न लावता बोटाला ती रेघ लागते, पाय तिथपर्यंत ओढायचे आणि गप्प बसून उजाडायची वाट बघायची.