ऑटोमॅटिक गाडीचा दिवा लागला? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी घरी हे बघा

मागच्या पावसाळ्यात पुण्यात नवले ब्रिजवरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना माझ्या गाडीनं मान टाकली. चेक इंजिनचा दिवा लागलेला, डिस्प्लेवर गिअरचा डी ब्लिंक होतोय, गाडी एकाच गिअरला चिकटलेली आणि स्पीडोमीटर शून्यावर. गॅरेजवाला गाडी न बघताच फोनवर म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. माझा दिवाळीचा बोनस तिथेच गेला असता.

एकाच गिअरला अडकणं म्हणजे लिंप मोड. गडबड वाटली की कॉम्प्युटर गाडी कशीबशी घरी जाईल इतपतच चालू ठेवतो, त्यामुळे तेवढ्यावरून गिअरबॉक्स गेला असं धरू नका. पण जळका वास, खाली ऑइल किंवा टेंपरेचरचा दिवा असेल तर घरचे प्रयोग बंद, सरळ फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा. आणि एएमटी किंवा डीसीटी (आपोआप चालणाऱ्या क्लचचे ऑटोमॅटिक) असेल, चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली असेल, तर क्लच तापलाय, साइडला घेऊन थंड होऊ द्या.

आधी बॅटरी. मल्टिमीटर नसेल तर तापकीर गल्लीत साधासा मिळतो. गाडी रात्रभर बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट यायला हवेत, १२.२ च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, आणि इंजिन चालू असताना बऱ्याच गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतात. व्होल्टेज पडलं की सेन्सर कायच्या काय आकडे देतात आणि आपण उगाच सेन्सर बदलत बसतो. गिअरचा लिव्हर पी (पार्किंग) मधून हलतच नसेल तर ब्रेक दाबून मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का बघा, नसेल पडत तर फ्यूज नाहीतर ब्रेकचा स्विच.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) असतं, त्यात मोबाइलला जोडणारा ब्लूटूथवाला लावा. मला आला पी०७००, आणि इथेच लोक घाबरतात, पण हा कोड म्हणजे नुसती चिठ्ठी, "गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे, त्याला विचारा" एवढंच. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतात त्यामुळे खरी तक्रार दिसतच नाही. मित्राच्या चांगल्या स्कॅनरवर पी०७२० निघाला, आउटपुट स्पीड सेन्सर, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणारा. पी०७१५ इनपुटचा, म्हणजे आत येणाऱ्या वेगाचा, पी०७०५ लिव्हरच्या पोझिशनचा. पी०७३० म्हणजे गिअर रेशो जुळत नाही, तिथे मात्र ऑइल किंवा आतला क्लच असू शकतो, त्यात घरी हात घालू नका. आणि हो, कोड लगेच इरेज करू नका!! आधी फोटो काढा, स्कॅनरवरच्या फ्रीझ फ्रेमचाही, त्यात दिवा लागला तेव्हाचा स्पीड आणि टेंपरेचर असतं.

कोड "सेन्सर" म्हणतो म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं, वायर आणि कनेक्टरही त्यातच आले. इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक, चाकांना विटा, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात शिरायचं नाही. माझ्या गाडीत त्या सेन्सरचा कनेक्टर बॅटरी ट्रेच्या खालीच, वरून हात पोचत होता. क्लिप दाबून ओढला तर आत एका पिनेवर हिरवी पावडर आणि रबरी सील एका बाजूला दुमडलेलं, तिथूनच पावसाचं पाणी जात होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सुकू दिलं, सील सरळ बसवलं, टक् आवाज येईपर्यंत दाबलं. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात, तेही टॉर्च मारून बघा.

मग कोड इरेज करून सिंहगड रोडला चक्कर मारली, बायको शेजारी मोबाइलवर स्कॅनरचा लाइव्ह डेटा (चालत्या गाडीचे आकडे) बघत होती. आउटपुट स्पीड गाडीबरोबर हलायला लागला, स्पीडोमीटरपण जागा झाला. आकडा शून्यावरच राहिला असता तर वायर तपासून मग सेन्सर, तो नाना पेठेत पार्ट नंबर दाखवून घ्यायचा.