समुद्रकाठच्या कौटुंबिक हॉटेलमधला स्पा : ऊन, मुले आणि वेळ यांचा मेळ कसा घालावा

समुद्रकाठच्या कौटुंबिक हॉटेलात स्पाला जाणारा माणूस उन्हातून, खाऱ्या पाण्यातून आणि मुलांच्या धावपळीतून उठून तिथे जातो. शहरातल्या स्पाला जाताना यांपैकी फारसे काही मागे लागलेले नसते, म्हणून तिथला शिरस्ता इथे जसाच्या तसा चालत नाही. उपचाराच्या आधीचे काही तास आपण उन्हात घालवणार आहोत का, तेवढ्या वेळात मुलांकडे कोण पाहणार आहे आणि नंतर पुन्हा समुद्रावर जायचे आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली की कोणता उपचार घ्यावा आणि केव्हा घ्यावा हे बरेचसे आपोआप ठरते. दरपत्रक पाहून आधी उपचार निवडायचा आणि मग त्यासाठी वेळ शोधायची, या उलट्या क्रमानेच बहुतेकांची ओढाताण होते.

खोलीचे बुकिंग करतानाच स्पाचीही चौकशी करून ठेवावी. सुट्टीच्या हंगामात सोयीच्या वेळा लवकर भरतात आणि पाऊस किंवा जोराचा वारा सुरू झाला की किनाऱ्यावरची सगळी मंडळी एकदमच स्पाकडे वळतात. हॉटेल कौटुंबिक आहे म्हणून स्पामध्येही मुलांना प्रवेश असेल, असे गृहीत धरू नये. मुलांना आत घेतात का, घेत असल्यास कोणत्या वयापासून आणि कोणत्या वेळेत, तसेच केवळ प्रौढांसाठी राखून ठेवलेले तास आहेत का, हे स्पष्ट विचारावे. सॉना (कोरड्या गरम हवेची खोली), वाफेची खोली आणि गरम पाण्याचा टब यांचा वापर खोलीच्या भाड्यात धरलेला आहे की त्याचे वेगळे पैसे पडतात, हेही तेव्हाच कळलेले बरे. ठरलेली वेळ किती तास आधी रद्द केल्यास पैसे कापले जात नाहीत, हा प्रश्न लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी तर कधीच विसरू नये, कारण मुलाचे पोट बिघडले की दिवसाचे सगळे बेत बदलतात.

मुलांची जबाबदारी नेमकी कोणाकडे

स्पात गेल्यावर मोबाइल लॉकरमध्ये राहतो आणि तास-दोन तास आपल्याशी कोणाचा संपर्क होत नाही. शांततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण जवळ समुद्र आणि पोहण्याचा तलाव असताना मुलांची जबाबदारी कोणाकडे आहे याबद्दल तिळमात्र संदिग्धता राहता कामा नये. मोठी माणसे बरीच असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना त्याला श्वास घेणेच कठीण झालेले असते आणि लांबून पाहणाऱ्याला ते पाण्यात खेळत असल्यासारखे दिसू शकते. म्हणून निघताना एकाच व्यक्तीचे नाव घेऊन सांगावे, ‘आतापासून मुलांकडे तू बघ, मी चार वाजता परत येते’, आणि समोरच्याने ‘हो, बघतो’ असे म्हटल्याशिवाय जागा सोडू नये. लक्ष ठेवणाऱ्याने तेवढा वेळ पुस्तक किंवा मोबाइल बाजूला ठेवावा आणि पोहता न येणाऱ्या मुलाजवळ हाताच्या अंतरावर राहावे. दंडावर चढवायच्या फुगवलेल्या पट्ट्या हे खेळण्याचे साधन आहे, सुरक्षेचे नव्हे. तलावावर जीवरक्षक असला तरी तो सगळ्यांसाठी असतो, आपल्या मुलाचा राखणदार नसतो.

दोघांनाही एकाच वेळी स्पात जायचे असेल, तर हॉटेलात मुलांना सांभाळण्यासाठी असलेल्या खोलीबद्दल नीट माहिती घ्यावी. किती वयाच्या मुलांना घेतात, मुलांना पाण्यावर नेतात का, तिथे किती मुलांमागे एक माणूस असतो आणि मूल रडू लागले तर स्पात निरोप कसा पोहोचवतात, या प्रश्नांची उत्तरे तिथले कर्मचारी चटकन देऊ शकले तर व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे असे समजावे. माझे मत विचाराल तर पहिल्याच दिवशी दोघांनी एकत्र जाऊ नये. मुलांना जागा आणि माणसे ओळखीची होऊ द्यावीत, आणि तोवर आळीपाळीने जावे.

काही ठिकाणी मुलांसाठीही हलका मसाज किंवा हातापायांची निगा असे लहान उपचार असतात. तिथे पालकाने पूर्ण वेळ खोलीत थांबावे, मुलाच्या अंगावर पोहण्याचे कपडे असू द्यावेत आणि मुलाला नको वाटले तर त्या क्षणी थांबावे. पैसे भरलेले आहेत म्हणून मुलाला पडून राहायला लावू नये. आपल्या अंगाला कोणी हात लावायचा हे ठरवण्याचा हक्क त्यालाही आहे.

ऊन आणि उपचार यांचा क्रम

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की उन्हाने भाजलेली त्वचा लगेच लाल दिसत नाही. लाली साधारणपणे ३ ते ६ तासांत उमटू लागते आणि १२ ते २४ तासांत सर्वाधिक वाढते. सकाळी नऊपासून बारापर्यंत वाळूत बसलेल्या माणसाची पाठ दुपारी दोन वाजता ठणठणीत दिसते, पण आतून ती भाजलेली असू शकते. अशा पाठीवर मिठाचा स्क्रब, म्हणजे मिठाने त्वचा घासण्याचा उपचार, किंवा जोराची मालिश झाली, किंवा त्याच पाठीने सॉनात जाऊन बसलो, तर रात्री कुशीवर वळणेही अवघड होते. लाली आली आहे का, अशी शंका असेल तर खांद्यावर बोट दाबून सोडावे. दाबलेली जागा आधी फिकी पडून मग आजूबाजूच्या तांबूस रंगात मिसळली, किंवा तिथे गरम आणि चरचरीत वाटले, तर त्या दिवशी पाठीचा उपचार पुढे ढकलावा. सावळ्या आणि गडद त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे उष्णता आणि हुळहुळणे हीच खूण धरावी.

सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसणाऱ्यालाही ते लागतात. म्हणजे भर दुपारी मुलांना सावलीत किंवा खोलीत ठेवणे आवश्यकच असते, आणि हीच मोठ्यांनी आळीपाळीने स्पात जाण्याची उत्तम वेळ आहे. त्यासाठी अट एवढीच की सकाळ उन्हात गेलेली नसावी. पहाटे थोडे फिरणे, सकाळ सावलीत, दुपारी स्पा आणि चारनंतर समुद्र, असा दिवस आखला तर कोणाचेच काही बुडत नाही. ज्या दिवशी सकाळी मनसोक्त समुद्रस्नान झाले आहे, त्या दिवशी पाय, हात किंवा डोके यांपुरता उपचार घ्यावा, तोही ते भाग झाकलेले राहिले असतील तर. भरती-ओहोटीच्या वेळा दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकतात, हे लक्षात ठेवून तक्ता पाहावा, नाहीतर मुलांना उथळ पाण्यात खेळवण्याची वेळ आणि स्पाची वेळ नेमकी एकमेकींवर येते.

उपचारानंतरचे ऊनही विचारात घ्यावे. स्क्रबने त्वचेचा वरचा मृत थर निघतो आणि ती काही काळ हुळहुळी राहते, म्हणून स्क्रब संध्याकाळी घेतलेला बरा. वॅक्सिंगनंतर निदान एक दिवस ऊन, खारे पाणी आणि क्लोरीनचे पाणी टाळावे. मिठाच्या स्क्रबच्या आदल्या दिवशी दाढीचे ब्लेड पायांवर फिरवू नये, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांत मीठ गेले की आग होते. मसाजच्या तेलात बर्गामोट (लिंबाच्या जातीचे एक फळ) किंवा लिंबाच्या सालीतून दाबून काढलेले सुगंधी तेल असेल, तर त्यातले काही घटक उन्हात त्वचेवर डाग आणि फोड आणू शकतात. तेल कोणते आहे हे विचारून घ्यावे, आणि त्याच दिवशी उन्हात जायचे असल्यास बिनवासाचे तेल मागावे. उपचारात सनस्क्रीन पुसले जाते, तेव्हा बाहेर पडण्यापूर्वी ते नव्याने लावावे.

आरोग्याचा फॉर्म आणि उष्णतेचे दालन

स्वागतकक्षात भरायला मिळणारा आरोग्याचा फॉर्म घाईने भरू नये. गर्भारपण, रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, अलीकडची शस्त्रक्रिया आणि ॲलर्जी यांची माहिती त्यात स्पष्ट असावी. मसाजच्या तेलांत बदाम, तीळ किंवा इतर बियांची तेले असतात, हे ॲलर्जी असणाऱ्यांनी तोंडीही सांगावे. समुद्री शेवाळात आयोडीन असते, म्हणून थायरॉइडचा आजार असणाऱ्यांनी शेवाळाचा लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली किंवा दुखत असेल, तर ती चोळून घेऊ नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि तिथे मसाजची नव्हे, डॉक्टरची गरज असते. स्कूबा डायव्हिंग केले असेल तर त्यानंतर लगेच गरम टब आणि जोराची मालिश दोन्ही टाळावीत, कारण उष्णतेने रक्तात वायूचे बुडबुडे होण्याचा धोका वाढू शकतो आणि मालिशनंतरच्या अंगदुखीमुळे या बुडबुड्यांनी होणाऱ्या आजाराची लक्षणे ओळखणे कठीण होते.

सॉनातली हवा कोरडी आणि साधारण ७० ते १०० अंश सेल्सिअसइतकी गरम असते. वाफेच्या खोलीत तापमान ४० ते ५० अंशांच्या आसपास असले तरी हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे घाम सुकत नाही आणि तीही तितकीच दमवते. आधी शॉवर घेऊन अंग पुसावे, धातूचे दागिने काढावेत, टॉवेल अंथरून बसावे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने खालच्या फळीवरच बसावे, कारण वर हवा अधिक गरम असते. आठ-दहा मिनिटे पुरतात. उठण्यापूर्वी मिनिटभर पाय खाली सोडून बसले तर एकदम उभे राहिल्यावर येणारी घेरी टळते. दिवसभर उन्हात राहिलेल्या शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते, म्हणून आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर पाणी प्यावे, आणि मद्य घेतले असेल तर उष्णतेच्या दालनात जाऊच नये. हृदयविकार असणाऱ्यांनी थंड पाण्याच्या हौदात एकदम उडी घेणे टाळावे.

गरम पाण्याच्या टबचे तापमान ४० अंशांपेक्षा जास्त नसावे. पाच वर्षांखालील मुलांना त्यात उतरवू नये, कारण त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. गर्भवती स्त्रियांनीही तो टाळावा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात. टबच्या कडेवर हात फिरवल्यावर बुळबुळीत थर लागला किंवा पाणी गढूळ दिसले, तर आत न उतरता कर्मचाऱ्यांना सांगावे. गरम पाण्यात जंतुनाशक लवकर संपते आणि देखभालीतली ढिलाई आधी तिथेच दिसते.

प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी

ठरलेल्या वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे, आणि त्याआधी खोलीत नीट अंघोळ करावी. वाळू कानांच्या मागे, गुडघ्यांच्या लवणीत, बोटांच्या बेचक्यांत आणि केसांच्या मुळाशी अडकलेली असते, आणि तेल लावलेल्या अंगावर तिचे चार कण राहिले तरी प्रत्येक हातासरशी ते पॉलिश पेपरसारखे घासतात. खाऱ्या पाण्याने वाळलेले मीठही धुऊन टाकावे.

मसाज स्त्रीने करावा की पुरुषाने, हे बुकिंगच्या वेळीच सांगता येते. कपडे किती काढायचे हे पूर्णपणे आपल्यावर असते, आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढा वगळून उरलेले अंग चादरीने झाकलेले असले पाहिजे. दाब जास्त वाटला, खोलीत गारठा वाटला किंवा संगीत नको असेल तर लगेच बोलावे. अनेकजण भिडेपोटी तासभर दुखणे सहन करतात, आणि त्यात थेरपिस्टचेही समाधान होत नाही. कुठल्याही स्पर्शाने अवघडल्यासारखे झाले तर कारण न देता थांबायला सांगावे, आणि बाहेर येऊन व्यवस्थापकाला कळवावे.

उपचारांच्या वर्णनांपैकी ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढतो’ या दाव्याला फार महत्त्व देऊ नये. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. समुद्राच्या पाण्याचे उपचार जुने आहेत, फ्रान्समधल्या रॉस्कॉफ इथे १८९९ मध्ये डॉ. लुई बागो यांनी त्यासाठी संस्था सुरू केली होती. कोमट खाऱ्या पाण्यात अंग तरंगते, सांध्यांवरचा भार हलका होतो आणि आखडलेले स्नायू सैल पडतात, एवढा लाभ खरा आहे आणि माझ्या मते त्यासाठी पैसे मोजण्यात काही वावगे नाही.

उपचार संपल्यावर अर्धा तास तरी मोकळा ठेवावा. लगेच मुलांना घेऊन पाण्यात उतरायचे असेल, तर तळपायांचे तेल साबणाने धुवावे, कारण तलावाच्या ओल्या फरशीवर ते धोक्याचे ठरते, आणि तेलकट हातांतून लहान मूल निसटते. बिल खोलीच्या खात्यावर टाकायला सांगितले असल्यास सेवाशुल्क त्यात आधीच धरले आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे, आणि पुढच्या वेळेसाठी ज्या थेरपिस्टचा हात आवडला त्यांचे नाव स्वागतकक्षात नोंदवून ठेवावे.