सेफ्टीचं सामान घेताय? आधी या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत सेफ्टीच्या कामासाठी माझं कायम जाणं-येणं असतं आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय. इन्स्पेक्शन येणार असं कळलं की दुकानदाराला फोन जातो, हेल्मेट पाठव, मास्क पाठव, हातमोजे पाठव. कुठल्या कामगाराला कशापासून वाचवायचंय हे कुणी विचारतच नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो मास्कवरून. धुळीचा पांढरा मास्क सगळ्या खात्यांत सरसकट वाटतात. अहो, तो फक्त कण अडवतो, गॅस त्यातून आरपार जातो. एका डाय हाउसमध्ये, म्हणजे रंगाईच्या खात्यात, हायड्रोचा (रंगाईत वापरायची सोडियम हायड्रोसल्फाईटची पावडर) ड्रम नेहमी उघडाच असायचा, नवीन पोरानं घाईत ओल्या मगानं पावडर काढली. हायड्रोला थोडंसं जरी पाणी लागलं तरी तो आतल्या आत तापतो, धुमसायला लागतो आणि सल्फर डायऑक्साईड सुटतो. धूर दिसल्यावर सुपरवायझरनं काय करावं, त्याच पोराच्या तोंडावर पांढरा मास्क चढवला आणि ड्रम बाहेर ओढायला पाठवलं. पोरगं खोकत, डोळे चोळत बाहेर आलं, रात्री दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. आणि सुपरवायझर मला म्हणतो, साहेब, मास्क दिला होता की! मला फार राग आला होता तेव्हा.

तिथं मी आधी मास्क बदलायला सांगितलाच नाही. ड्रमला घट्ट झाकण, पावडर काढायला साखळीनं बांधलेला कोरडा डबा, ड्रम पाण्याच्या नळापासून लांब फळीवर, आणि ॲसिडचे कॅन त्याच्या शेजारी अजिबात नाहीत, कारण ॲसिड लागलं तरी तोच गॅस सुटतो. एवढं झाल्यावर मग मास्क. सल्फर डायऑक्साईडसाठी पिवळ्या पट्ट्याचं, 'ई' लिहिलेलं कार्ट्रिज (मास्कला लावायचा गॅस अडवणारा डबीसारखा फिल्टर) लागतं, आणि हाफ मास्क घेतला तर डोळे उघडेच राहतात म्हणून फुल फेस घ्या. धुळीसाठी घेताना आयएस ९४७३ (धुळीच्या मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी२ (त्यातला गाळण्याचा दर्जा) असं छापलेलं बघून घ्या. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते, मग कितीही महाग मास्क असू दे, उपयोग नाही.

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, टाकीत उतरताना तर कुठलाच कार्ट्रिज मास्क चालत नाही! आत ऑक्सिजनच कमी असेल तर मास्क तो कुठून आणणार? आधी हवा तपासा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर माणूस आत सोडायचा नाही, विषय संपला.

दुसरी चूक हातमोज्यांची. कॉस्टिक सोडा हाताळताना लांब बाह्यांचे रबरी मोजे पाहिजेतच, सुती मोजे भिजले की कॉस्टिक कातडीला धरून ठेवतात. पण तेच मोजे घालून माणूस फिरत्या रोलरजवळ कापड सरळ करायला जातो. मोज्याचं टोक रोलरमध्ये सापडलं की हात आत ओढला जातो, मोजा सुटत नाही. रोलरला गार्ड लावा, मशीन बंद करूनच हात घाला. जुन्या फॅक्टरी ॲक्ट १९४८ मध्येही चालू मशीनजवळच्या कामाला अंगाला घट्ट बसणारे कपडे सांगितले होते, ते उगाच नाही.

लूम शेडमध्ये, म्हणजे मागांच्या खात्यात, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय म्हणजे आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर गेलाय. इअरप्लग वाटून टाकतात, पण घालायचे कसे ते कुणी शिकवत नाही, मग निम्मा बाहेर लोंबकळतो. बोटांनी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. हे मी प्रत्येकाकडून समोर करून घेतो, वेळ लागला तरी चालेल.

कॉम्प्रेसरच्या हवेनं माग आणि अंगावरचे कपडे झाडणं बंद करा, व्हॅक्यूम वापरा. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामगाराची छाती भरून येत असेल तर ते सर्दी म्हणून सोडू नका, कापसाच्या धुळीचा त्रास तसाच सुरू होतो, डॉक्टरला दाखवा.

चष्म्यावर साधा सेफ्टी गॉगल बसत नाही, चष्म्यावरून घालता येणारा वेगळा मागवा.

नवीन सेफ्टी ऑफिसर पोरांना एक सांगतो, रागावू नका. नेटवरून रिस्क असेसमेंटचा फॉर्म उतरवून केबिनमध्ये बसून भरायचा हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. मी आधी वही बाजूला ठेवून मशीनपाशी उभा राहतो, मुद्दाम दुसऱ्या पाळीला जातो, आणि साफसफाई-दुरुस्ती चालू असताना बघतो, कारण गार्ड काढलेले असतात तेव्हाच. जुन्या जॉबरला, म्हणजे माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीला, विचारा, मामा, इथं आधी कुणाला लागलंय का? तो जागा बोटानं दाखवतो.

आणि कार्ट्रिज फोडलं की त्यावर लगेच पेननं तारीख टाका, काम झालं की घट्ट झिपच्या पिशवीत ठेवा. खुंटीवर उघडं टांगलं तर ते तिथंच हवेतला गॅस ओढत बसतं, आणि मास्कच्या आत गॅसचा वास यायला लागला तर तिथून ताबडतोब बाहेर पडून कार्ट्रिज बदला.